कृपया आहेर आणावा

आजवर मी परीक्षणं लिहिली ती एका मिक्सरचं, दोन साडीच्या दुकानांचं आणि त्र्यंबक रोडच्या एका मिसळीच्या ठिकाणाचं. आज कोहाबद्दल लिहितेय. ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर म्हणून ते कसं आहे यावर इतरांनी पुष्कळ लिहिलंय, आमच्याकडे ते सहा वर्षं रोज चालतंय, विषय संपला. मला सांगायचंय ते वेगळंच: कोहा घडवणाऱ्या मंडळींच्या दारात एखादं नवखं माणूस, कोडिंगमधलं ओ की ठो कळत नसताना, जाऊन उभं राहिलं तर पुढे काय होतं. कारण ते नवखं माणूस मी होते.

आधी ओळख. मी नाशिकच्या एका महाविद्यालयात सहायक ग्रंथपाल. नोकरीला बावीस वर्षं झाली. नव्या पुस्तकांची दाखल नोंदवही शाईच्या पेनने लिहिलेल्या पिढीतली मी, आणि ती वही बंद झाली तेव्हा खरोखर डोळ्यांत पाणी आलेल्यांतलीसुद्धा. रोज नाशिकरोडहून सिटीलिंकने येते. इंग्रजी वाचता येतं, लिहिताना तीनदा खोडते.

कोहाची जन्मकथा ग्रंथालयवाल्यांना आवडेल अशी आहे. १९९९ साली न्यूझीलंडमधल्या होरोफेनुआ लायब्ररी ट्रस्टपुढे पेच पडला, की त्यांचं जुनं सॉफ्टवेअर २००० साल काही बघणार नव्हतं. त्यांनी कटिपो नावाच्या कंपनीकडून नवं लिहून घेतलं, ३ जानेवारी २००० ला ते कामाला लागलं, आणि मग त्यांनी ते सगळ्या जगासाठी मोकळं करून टाकलं. नाव ठेवलं कोहा. माओरी लोकांत कोहा म्हणजे पाहुण्याने यजमानाकडे जाताना न्यायची भेट. ती कधीतरी कुठल्यातरी रूपाने परत जाणार, हे दोघांनाही न बोलता ठाऊक असतं. आपल्याकडे याला आहेर म्हणतात. आईची आहेराची वही माझ्याकडे आहे अजून. नाव, गाव, रक्कम किंवा 'पातेलं १', आणि पुढे परत केल्याची बरोबरची खूण.

आता जरा कडू आठवण. या प्रकल्पाचं नाव घेत नाही. तीनेक वर्षांपूर्वी मी दुसऱ्याच एका मुक्त सॉफ्टवेअरवर पुस्तकांच्या पाठीवरची लेबलं करत होते, आणि पीडीएफ केली की मराठी जोडाक्षरं तुटत होती. 'ज्ञ'चा पाय वेगळा, 'त्र' उलगडलेला. मी शनिवारची दुपार घालवून तक्ता केला: कुठलं अक्षर, कसं दिसायला हवं, कसं दिसतं, शेजारी फोटो. तो इंग्रजीतून त्यांना कळवला. साठ दिवसांनी एका यंत्राचा निरोप आला, की या तक्रारीवर काही हालचाल नसल्यामुळे ती बंद करण्यात येत आहे. हालचाल कुणी करायची होती? मी? लग्नपत्रिकेच्या तळाशी 'कृपया आहेर आणू नये' असं लिहितात ते तरी बरं, माणूस आधीच समजून रिकाम्या हाताने जातो. इथे पातेलं दारातच ठेवून घेतलं आणि दोन महिन्यांनी भंगारवाल्याला दिलं.

त्यामुळे टीवायचा एक मुलगा (कॉम्प्युटर सायन्सचा, मासिकांच्या टेबलापाशी पंखा बरा लागतो म्हणून तिथेच बसणारा) जेव्हा म्हणाला, "मॅडम, तुम्ही कोहात भाग घ्या ना," तेव्हा मी म्हटलं, "बाळा, माझा एकदा घेऊन झालाय."

"नाही मॅडम, इथे कोड न लिहिणारीच माणसं जास्त लागतात."

मला वाटलं, मुलगा गोड बोलतोय, दंड माफ करून हवा असेल. पण तो म्हणाला ते खरं निघालं. कोहात एक पक्का नियम आहे: ज्याने दुरुस्ती लिहिली त्याने स्वतःच ती बरोबर म्हणायची नाही. दुसऱ्या कुणीतरी ती प्रत्यक्ष वापरून बघायची आणि खाली नावानिशी सही करायची. मग गुणवत्ता तपासणाऱ्या गटातलं तिसरं माणूस बघणार, आणि शेवटी त्या आवृत्तीचा प्रमुख ती आत घेणार. यात आमच्यासारख्यांना काही नवल नाही. आमच्याकडे पुस्तक आलं की एक जण बिलाशी ताडून बघतो, दुसरा दाखल करतो, तिसरा वर्गांक देतो. ज्याने खरेदी केली त्यानेच दाखल करून टाकलं तर ऑडिटला काय होतं ते विचारू नका. तर ही दुसरी सही करायला प्रोग्रामर लागत नाही. देवघेवीच्या टेबलावर बसलेलं, काय बिघडलं तर वाचक ओरडेल हे माहीत असलेलं माणूस लागतं. आणि सहीची वाट बघणाऱ्या दुरुस्त्यांची रांग तिथे कायमची लागलेली असते.

मुलगा आणखी एक गोष्ट सांगत होता, त्याच्या दादाच्या कॉलेजच्या वेळची. दर ऑक्टोबरला हॅक्टोबरफेस्ट नावाचा उपक्रम असतो, २०१४ पासूनचा. तेव्हा महिन्याभरात ठरावीक संख्येने दुरुस्त्या पाठवल्या की टी-शर्ट मिळायचा. २०२० साली टी-शर्टापायी लोकांनी जगभरातल्या प्रकल्पांवर अक्षरशः कचरा ओतला. कुणी एक शब्द इकडचा तिकडे केला, कुणी माहितीच्या पानावर उगाच एखादं विशेषण वाढवलं. प्रकल्प चालवणारे एवढे वैतागले, की ज्या प्रकल्पांना हवंय त्यांनीच यात नाव घालावं असा नियम तडकाफडकी करावा लागला. म्हणजे नवख्यांना बोलवायचं तर तेही पंगतीला 'या बसा' म्हणण्याइतकं सोपं नाही. वाढपी किती आहेत तेही बघावं लागतं.

असो. मुहूर्त लागला तो पुरात. ऑगस्टातला दिवस, गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, गोदावरीचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागल्याच्या बातम्या फोनवर फिरत होत्या. मुलं कुणी फिरकली नाहीत. आमचे मामा (शिपाई म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही) सकाळीच घाटावर पाणी बघून आले होते आणि ज्याला त्याला खांद्यावर हात लावून पातळी दाखवत होते. मी म्हटलं, चला, आज बघूच.

कोहाची 'सँडबॉक्स' म्हणून सोय आहे. नावाप्रमाणे वाळूचा खड्डा, हवं ते उकरा. आपल्या संगणकावर काही बसवावं लागत नाही. ब्राउझरमध्ये पान उघडायचं, नवी सँडबॉक्स मागायची, थोडं थांबायचं, की एक अख्खं खोटं ग्रंथालय आपल्या हातात येतं. पुस्तकं आहेत, वाचक आहेत, कर्मचाऱ्यांची बाजू वेगळी, वाचकांची वेगळी. त्या वाचकांत एक एडना अकोस्ता आहे. ही बाई जगात कुठेच नाही, नमुन्याच्या माहितीतली आहे. पण जगभरातले चाचणी करणारे हिच्याच नावावर पुस्तकं देतात, हिच्याच नावावर दंड लावतात, हिचंच कार्ड हरवतात. मी कार्ड उघडलं आणि मला तिची खरोखर कणव आली.

मी निवडलेली दुरुस्ती अगदी छोटी होती. मुदत उलटलेल्या पुस्तकांच्या एका तक्त्यात एका रकान्याचं शीर्षक बदलायचं, बस. प्रत्येक दुरुस्तीसोबत लिहिणाऱ्याने कसोटीच्या पायऱ्या द्यायच्या असतात. माझ्या समोर होत्या त्या साधारण अशा: वाचकाच्या नावावर पुस्तक द्या, परतीची तारीख मागची टाका. अमुक तक्ता उघडा. शीर्षक जुनंच आहे याची खात्री करा. आता दुरुस्ती लावा. पान पुन्हा उघडा. शीर्षक नवं दिसायला हवं. सही करा.

या पायऱ्यांबद्दल दोन शब्द जास्त लिहिणार आहे, कारण सगळी जादू इथे आहे. ग्रंथालयशास्त्रातल्या रंगनाथनांची पाच सूत्रं आम्हाला परीक्षेला असत, १९३१ ची. त्यातलं चौथं, वाचकाचा वेळ वाचवा. कितीतरी ठिकाणी नवख्याला 'तुमचं स्वागत आहे, कुठूनही सुरुवात करा' असं म्हणतात. कुठूनही म्हणजे कुठून? आमच्याकडे पहिल्या वर्षाचं पोर येतं, त्याला 'पुस्तकं आत आहेत, बघ' म्हटलं तर ते दहा मिनिटं कपाटांमधून फिरून निघून जातं, पुन्हा येत नाही. त्याला 'तिसरं कपाट, वरून दुसरा कप्पा, लाल पाठ' म्हटलं की ते पुस्तक घेऊन येतं आणि पुढच्या वेळी आपलं आपण शोधतं. कसोटीच्या पायऱ्या म्हणजे 'तिसरं कपाट, लाल पाठ'. मला रकान्याचं शीर्षक प्रोग्राममध्ये कुठल्या ओळीत आहे ते कळलं नाही, कळायची गरजही नव्हती.

तर मी एडनाबाईंच्या नावावर पुस्तक दिलं, तारीख मागची टाकली, तक्ता उघडला, आणि शीर्षक आधीच नवं. जुनं कुठेच नाही. दोनदा बघितलं. मामांनाही बोलावून दाखवलं, ते म्हणाले, "चांगलं दिसतंय की." मग मी तीनदा खोडून इंग्रजीत शेरा लिहिला: मला जुनं शीर्षक दिसत नाही, बहुधा हा दोष आधीच कुणीतरी दुरुस्त केलेला आहे. पाठवलं आणि बॅग उचलून बस पकडली. वाटेत मनात एकच: बावीस वर्षांच्या अनुभवाने पहिल्याच दिवशी चोर पकडला.

चोर मीच होते. सँडबॉक्स मागतानाच दुरुस्तीचा क्रमांक दिला होता, त्यामुळे दुरुस्ती आधीच लागून आली होती. जुनं शीर्षक दिसणार कुठून?

दुसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्ती लिहिणाऱ्याचं उत्तर आलेलं. मी ते उघडायच्या आधी चहा घेतला, खरं सांगते. त्यात पहिली ओळ, वेळ काढून बघितल्याबद्दल आभार. दुसरी ओळ, असं असं झालं असेल, आधी साधी सँडबॉक्स घ्या, दुरुस्ती मागून लावा. आणि तिसरी ओळ: हे पायऱ्यांमध्ये मी स्पष्ट लिहायला हवं होतं, आता लिहिलंय. जाऊन बघितलं तर खरंच, पायऱ्यांच्या वर एक ओळ वाढली होती, सँडबॉक्समधून बघणाऱ्यांसाठी.

इथे मी पाचपैकी पाच देऊन मोकळी झाले असते. आमच्याकडे परतीच्या खिडकीची पाटी दाराच्या डावीकडे होती आणि येणारा प्रत्येक जण मलाच विचारायचा, "पुस्तक कुठे द्यायचं?" मी वर्षभर वैतागून "पाटी वाचा" म्हणत होते. मग एक दिवस पाटी उजवीकडे हलवली, कारण दारातून शिरणारा माणूस उजवीकडे बघतो. प्रश्न थांबले. माझ्या डोक्यात हे यायला वर्ष लागलं, या माणसाने एका रात्रीत पाटी हलवली, आणि तीही माझ्यासारख्या एकुलत्या एका चुकणारीसाठी.

मग मी सगळं पहिल्यापासून केलं. जुनं शीर्षक दिसलं. दुरुस्ती लावली. नवं दिसलं. सँडबॉक्समध्येच सहीची सोय आहे, नाव आणि ईमेल टाकायचं. टाकलं. काही दिवसांनी गुणवत्तावाल्यांपैकी कुणीतरी ती पास केली, आणि मग ती आत गेली. मला प्रत्येक टप्प्याला ईमेल येत होतं, मुलाच्या बारावीच्या निकालासारखं मी उघडत होते.

आता तक्रारी, कारण नुसती स्तुती असलेल्या परीक्षणावर मी स्वतः विश्वास ठेवत नाही.

सगळा कारभार इंग्रजीत, आणि इंग्रजीपेक्षा अवघड म्हणजे आद्याक्षरांत. क्यूए (गुणवत्ता तपासणी), आरएम (आवृत्तीचा प्रमुख), ओपॅक (वाचकांनी पुस्तक शोधायची यादी). शेवटचं आम्हाला माहीत असतं, बाकीची विचारावी लागतात. दुरुस्तीच्या अवस्थांची यादी तर रेशन कार्डाच्या अर्जासारखी: सही हवी, सही झाली, तपासणीत पास, तपासणीत नापास, दुरुस्ती लागत नाही, चर्चेत. 'नापास' हा शब्द मला तरी बोचतो, जरी तो दुरुस्तीला असतो, माणसाला नसतो. आणि तिथल्या जुन्याजाणत्या लोकांच्या दुरुस्त्याही नापास होताना बघितल्यावर जरा हायसं वाटतं, तरीसुद्धा. पहिल्याच खेपेला तो शिक्का बसला असता तर मी पुन्हा गेले असते की नाही, शंका आहे.

गप्पांची खोली आहे, पण वेळेचा घोळ. आमचं ग्रंथालय सहाला बंद होतं तेव्हा न्यूझीलंडमध्ये मध्यरात्र उलटलेली असते आणि फ्रान्सवाले नुकते जेवून परत बसलेले असतात. म्हणून भेटतात ते युरोपवाले. तिथली एक पद्धत आवडली. कुणी मदत केली की त्याच्या नावापुढे दोन अधिकची चिन्हं टाकायची, आणि तिथला एक यंत्रमानव ती मोजत बसतो. बसमध्ये जागा देणाऱ्याला 'थँक्यू दादा' म्हणावं तितकं सहज.

कोड लिहायचं असेल तर वाट अर्थातच चढाची. टीवायच्या त्या मुलाने डॉकर नावाचं साधन वगैरे बसवून स्वतःच्या लॅपटॉपवर कोहा उभं केलं, त्यात त्याचे दोन रविवार गेले. पण नवख्यांना झेपतील अशा कामांवर तिथे 'अकॅडमी' अशी खूण लावून ठेवलेली असते, त्यातलं एक उचलून तो बसलाय. इतर ठिकाणी याच कामासाठी 'गुड फर्स्ट इश्यू' असं लेबल लावतात. लेबल लावणं सोपं. त्यावर काम करून आलेल्याला उत्तर देणारं माणूस पलीकडे आहे का, ते बघायला हवं.

आणि हो, सर्टिफिकेट मिळत नाही. नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) फाइलीत लावायला एक कागद मिळाला असता तर बरं झालं असतं, असं आमच्या प्राचार्यांचं मत पडलं.

एक हळहळ माझी स्वतःची. कोहावाल्यांचं जागतिक संमेलन २०११ साली ठाण्यात भरलं होतं, विद्या प्रसारक मंडळात. ठाण्यात! पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी निघून जाता आलं असतं. मला तेव्हा कोहा हा शब्दही माहीत नव्हता. मी त्या आठवड्यात बहुधा दाखल नोंदवहीला पुठ्ठा चिकटवत असेन.

नावाची गंमत राहिली. कोहाच्या प्रत्येक प्रतीत, म्हणजे आमच्या टेबलावरच्या संगणकातसुद्धा, 'अबाउट' नावाचं पान आहे. सहा वर्षांत मी ते उघडलं नव्हतं. त्यात कोहा घडवणाऱ्यांची नावं आहेत आणि एक टाइमलाइन आहे. संमेलनं, नव्या आवृत्त्या, आणि त्यांच्या मधेमधे अशा नोंदी: अमुक तारखेला अमुक व्यक्ती कोहात दुरुस्ती गेलेली इतकावी विकासक ठरली. पहिल्यांदा ज्याची एखादी ओळ आत गेली, त्याची नोंद इतिहासात, नव्या आवृत्तीच्या शेजारी. त्या मुलाने ही टाइमलाइन दाखवली आणि म्हणाला, "मॅडम, माझा नंबर लागला की मी आईला इथे घेऊन येणार दाखवायला." मी म्हटलं, आण, चहा मी पाजते.

मी कोड लिहिलेलं नाही, त्यामुळे त्या यादीत मी नाही. पण मे आणि नोव्हेंबरात मोठी आवृत्ती येते तेव्हा तिच्यासोबत एक लांबलचक टिपण असतं, आणि त्यात ज्यांनी दुरुस्त्या तपासल्या त्यांचे नावानिशी आभार मानलेले असतात. नावापुढे कंसात आकडा, किती तपासल्या त्याचा. नोव्हेंबरात ते टिपण आलं. मी वरून खाली बोट फिरवत गेले, कुणापुढे बारा, कुणापुढे चाळीस, एकापुढे तर तीन आकडी. आणि मग माझं नाव, आडनावासकट, स्पेलिंग बरोबर. पुढे कंसात १. आईच्या वहीतल्या 'पातेलं १' सारखं.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: फी नाही, इंटरनेट लागतं, ईमेल लागतं, पहिल्या खेपेला दोन तास धरा, नंतर अर्धा पुरतो. सँडबॉक्स घेताना दुरुस्ती आधी लावू नका. ग्रंथालयात काम केलेलं असेल तर तुम्ही अर्धे पास आहात. मी साडेचार तारे देतेय, अर्धा कापलाय तो आद्याक्षरांचा.

नोव्हेंबरातल्या त्या दिवशी मी मामांना बोलावून पडद्यावर माझं नाव दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, वाकून बघितलं.

"परदेशातलं आहे ना हे, मॅडम? पैसे किती दिले?"

"हा काय, एक लिहिलाय कंसात."

"एक हजार?"

"नुसता एक."

मामा थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग बोट टेकवून त्यांनी खालच्या नावांचे आकडे वाचले, चार, सतरा, एकशे काहीतरी, आणि म्हणाले, "या बाकीच्यांनी बरंच केलंय की. तुम्ही जेवणाच्या सुट्टीत रोज एक टाकत जा."